एक काना जास्त

शेखर आणि रेश्मा यांचं बोलणं बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. भांडण मात्र बंद नव्हतं. ते रोज वेळच्या वेळी, दिशामार्फत चालू होतं. दिशा ही त्यांची एकुलती एक मुलगी, वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी. स्वयंपाकघरातले निरोप हॉलमध्ये नेणं आणि हॉलमधले स्वयंपाकघरात आणणं, हे तिचं शाळेव्यतिरिक्तचं काम होऊन बसलं होतं. "बाबांना सांग," असं आतून सुरू व्हायचं आणि "आईला सांग," असं बाहेरून. मधल्या बारा पावलांत दिशा निरोप पाठ करत जायची.

भांडणाचं कारण होतं महाळुंग्याचा एक फ्लॅट. रेश्माचा भाऊ निरंजन तिथं अकराव्या मजल्यावर राहायचा आणि त्याच्या शेजारची जागा नुकतीच रिकामी झाली होती. भुकूममधून कुठंही जायचं म्हणजे निम्मा जन्म रस्त्यावर जातो, तेव्हा आपण तिकडे भाड्यानं राहू, असं रेश्माचं म्हणणं. शेखर पिरंगुटच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. आपल्या घरावर चार खोल्या चढवून भाडेकरू ठेवायचे सोडून आपणच कुणाचे तरी भाडेकरू कशाला व्हायचं, असं त्याचं म्हणणं. दोघांचंही म्हणणं बरोबर असल्यामुळे भांडण मिटायची काही सोय नव्हती.

तरी खरं सांगायचं तर पंधरवडा संपता संपता ते जरा मऊ पडायला लागलं होतं. रेश्माला निरोप यायचा, "बाबा म्हणतात, भाजी छान झालीये." ती नाक मुरडायची, पण दुसऱ्या दिवशी शेखरच्या डब्यात एक भाकरी जास्त पडायची. शेखरला निरोप यायचा, "आई म्हणते, हेल्मेट घालून जा." तो हूं की चूं करायचा नाही, पण हेल्मेट घालायचा. समोरचं माणूस नरम येतंय असं दोघांनाही मनातून वाटत होतं, आणि येतंयच तर येऊ दे पुरतं, म्हणून दोघंही गप्प होते.

मग मंगळवार उजाडला आणि सगळ्यावर पाणी पडलं. संध्याकाळी दोघं एकाच उंबऱ्याच्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले आणि दिशा उंबऱ्यावर सापडली. एरवीची बारा पावलं त्या दिवशी शिल्लकच नव्हती. तिला नुसती मान इकडून तिकडे वळवायची होती.

"बाबांना सांग, मी दिवाळीच्या आत निरंजनकडं राहायला चाललीये," रेश्मा म्हणाली. "आणि फ्रीज माझ्या आईनं दिलाय. तो मी नेणार."

"आईला सांग, खुशाल ने," शेखर म्हणाला. "टीव्ही मी घेतलाय. तो हितंच ऱ्हाईल."

शिलाई मशीन रेश्माकडे गेलं, कूलर शेखरकडे राहिला. कपाटाचं झालं, मिक्सरचं झालं. इडलीपात्रापाशी मात्र गाडी अडली, कारण भांडं रेश्माच्या माहेरचं होतं आणि झाकण हरवल्यामुळे नवं झाकण शेखरनं पौडच्या बाजारातून आणलेलं होतं. त्यावर वीस मिनिटं गेली. बाहेर ओट्यावर शेखरचे आईवडील, रंभाबाई आणि कुशाबा, हे सगळं ऐकत शेंगा फोडत होते. मधे पडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण शेंगा फोडायचा आवाज मात्र एकदम कमी झाला होता.

झाकण शेवटी शेखरनं राखलं. दोघं दमून भिंतीला टेकले. दिशा उंबऱ्यावर तशीच उभी होती.

"अजून काही?" तिनं विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली. "न्हाई," बाबाही म्हणाले. पंधरा दिवसांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. दिशा आणखी थोडा वेळ थांबली आणि मग जिन्याखाली आपलं अभ्यासाचं टेबल होतं तिथं जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी शाळेत चित्रकलेच्या तासाला 'माझं घर' हा विषय आला. बाकीच्या मुलांनी डोंगर, उगवता सूर्य आणि कौलारू घर काढलं. दिशानं घराचा नकाशा काढला. त्यात नवल काही नव्हतं. उन्हाळ्यात कुशाबा आणि त्यांचा धाकटा भाऊ यांच्या जमिनीची मोजणी झाली होती, तेव्हा दिशा दोन दिवस मोजणीवाल्यांच्या मागं हिंडली, ऊन म्हणाली नाही की तहान म्हणाली नाही. नंतर आजोबांच्या शेजारी बसून ती सातबारा वाचायलाही शिकली होती. तिनं घर वरून दिसतं तसं काढलं, मधून हद्द आखली, एका बाजूला 'आई' आणि दुसऱ्या बाजूला 'बाबा' असं लिहिलं. मधोमध, जिन्याखाली, एक छोटासा चौकोन काढला आणि त्यात काळजीपूर्वक दोन ओळी लिहिल्या.

चित्रकलेच्या बाईंनी ते चित्र पाहिलं, त्यांना काही कळेना, म्हणून त्यांनी ते सुनीती मॅडमकडे पाठवलं. सुनीती मॅडम जूनपासून शाळेत समुपदेशक म्हणून आल्या होत्या. मुलांच्या मनातलं ओळखायचं आणि पालकांना वाट दाखवायची हे त्यांचं काम. ते त्या मनापासून करायच्या, पण त्यांचा सगळा जन्म पुण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलेला. जमिनीशी त्यांचा संबंध बाल्कनीतल्या कुंड्यांपुरता होता. त्यांनी चौकोनातल्या ओळी वाचल्या. 'दिशा. पोटखराबा.'

मॅडम हादरल्या. एवढंसं मूल, आणि स्वतःचं दुखणं कोणाला सांगता येत नाही म्हणून चित्रात लिहितंय. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठीत एखादा काना जास्त पडायचाच, म्हणून त्यांनी लाल पेननं शेवटचा काना खोडला, दोन शब्द वेगळे केले आणि गुरुवारी सकाळी रेश्माला फोन लावला.

दिशाचं पोट खराब असल्याचं ऐकून रेश्मानं आधी गॅस बंद केला. घरात तर काही बोलली नाही, असं ती म्हणाली. बोलणारच नाही, असं मॅडमनी समजावलं. अशी मुलं आईवडिलांना त्रास नको म्हणून लपवतात. विचारलंत तर ती उलट 'मी बरी आहे' असंच सांगेल, तेव्हा नीट लक्ष ठेवा. आणि शनिवारी दोघंही भेटायला या.

आता हे शेखरला कळवायचं कसं? अबोला तर मोडायचा नव्हता आणि निरोप नेणारी शाळेत होती. रेश्मानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'दिशाचं पोट खराब आहे. शाळेतून फोन आला. ज्यांना कळायला हवं त्यांना कळावं.' शेखरनं तो निरोप पिरंगुटला मशीनपाशी उभ्या उभ्या वाचला आणि पुन्हा एकदा वाचला. पोट खराब झाल्याचा शाळेतून फोन येतो म्हणजे साधं काही नसणार. त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'आबा, मी अर्धी सुट्टी टाकून येतोय,' आणि रेश्माला मुद्दाम काही लिहिलं नाही. आबांना, म्हणजे कुशाबांना, ग्रुप उघडताच येत नव्हता.

दुपारी दिशा शाळेतून आली तेव्हा पहिली, सकाळचा फोन ओट्यावरून ऐकलेल्या रंभाबाईंच्या हाती लागली. "बाय माजी, पोट दुकतंय व्हय?" त्यांनी विचारलं. दिशा म्हणाली, न्हाई. लपवतीये, हे रंभाबाईंनी ओळखलं आणि कोऱ्या चहातून तिला दोन चमचे एरंडेल पाजलं. तिथून ती स्वयंपाकघरात आली. पोट ठीक आहे, असं तिनं आईलाही सांगितलं. रेश्माच्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मॅडम म्हणाल्या होत्या तस्संच झालं होतं. तिनं हिरडा उगाळून मधातून चाटवला. तासाभरात शेखर आला, येताना दुकानातून जंताचं औषध घेऊन. मी बरी आहे, असं दिशानं त्याला अगदी निक्षून सांगितलं. एवढं निक्षून सांगतेय म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं म्हणून त्यानं ते औषध स्वतःच्या हातानं दिलं. कोणी कोणाला विचारलं नाही, कारण तिघांनाही वाटत होतं की घरात शुद्धीवर असलेलं माणूस आपण एकटेच.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला दिशाचं पोट खरोखरच खराब झालं.

ते किती खराब झालं हे सांगण्यात अर्थ नाही. शुक्रवारी सकाळी तिला डॉक्टरबाईंकडे न्यावं लागलं, एवढं सांगितलं तरी पुरे. दिशा खाटेवर पिवळी पडून निजली होती. एका बाजूला आई बसली, दुसऱ्या बाजूला बाबा. आयुष्यात पहिल्यांदाच पोर इतकी गप्प होती. कालपासून काय काय दिलं, असं डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हिरडा," रेश्मा म्हणाली.

"जंताचं औषध," शेखर म्हणाला.

"वाईच एरंडेल," दारातून रंभाबाई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. एका घरात राहता का वेगवेगळ्या, असं त्यांनी विचारलं. पोरीला काही झालेलं नाही, हे सगळं तुमच्या मायेनं झालंय, असं म्हणून त्यांनी साखरमिठाचं पाणी आणि मऊ भात लिहून दिला.

शनिवारी शाळेत चौघं गेले. कुशाबांना कोणी बोलावलं नव्हतं, पण शाळेच्या टाकीतल्या पाण्यानंच हे झालं असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते मॅडमना तोंडावर सांगायचं होतं. दिशा दोन दिवसांत वाळून गेली होती, तरी चालत आली. सुनीती मॅडमनी सगळ्यांना बसवलं. घरात ताण असला की मुलांच्या पोटावर परिणाम होतो, असं त्यांनी हळुवारपणे सुरू केलं. रेश्मा खिडकीकडे बघत होती आणि शेखर पंख्याकडे. मग मॅडमनी चित्र टेबलावर ठेवलं.

"तिनं इथं लिहिलंय बघा," त्या म्हणाल्या. "स्वतःच्या नावाखाली."

तिघांनी वाकून पाहिलं. रेश्माचं बोट त्या चौकोनापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. शेखरनं चित्र जवळ ओढलं. लाल रेघेखालचा शब्द त्या दोघांनी लहानपणापासून हजारदा ऐकला होता, कारण दोघंही जमीनवाल्यांच्या घरातले. शेवटी कुशाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, ह्यो काना तुमी का खोडला?" ते म्हणाले.

"शुद्धलेखनाची चूक होती, आजोबा. पोट खराब, असं असतं ना ते."

"चूक न्हाई. काना हाय म्हनून तर त्याला अर्थ हाय." कुशाबांनी खोडलेल्या कान्यावर बोट ठेवलं. "पोटखराबा म्हंत्यात. सातबाऱ्यावर असतो. जमीन आपलीच असती, पर त्यात पिकत काय न्हाई. खडक असतो, वढा असतो, येन्याजान्याची वाट असती. वाटनी व्हती तवा ती कुनी मागत न्हाई. आमा दोगा भावांची मोजनी झाली तवा दोन महिनं त्याच्यावरनंच भांडलो. तू घे, न्हाई तू घे. ही पोरगी तितं बसून ऐकत हुती."

सुनीती मॅडमनी दिशाकडे पाहिलं. सगळ्यांना एवढं वाईट का वाटतंय, हे दिशाला समजलं नाही. तिनं आपला नकाशा समजावून सांगितला.

"मंगळवारी आमच्या घरात वाटणी झाली," ती म्हणाली. "आईनं फ्रीज मागितला आणि मशीन मागितलं. बाबांनी टीव्ही मागितला. इडलीपात्राचं झाकणपण मागितलं. मला कुणी मागितलंच न्हाई. मी विचारलं होतं, अजून काही? तर दोघंपण न्हाई म्हणाले."

रेश्माला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. फ्रीजचा रंगसुद्धा तिनं भांडणात काढला होता, आणि पोरगी उंबऱ्यावर उभी राहून वाट बघत होती.

"अगं, तुझं काय विचारायचं होतं त्यात?" ती कशीबशी म्हणाली. "तू तर माझ्याबरोबर येणारच होतीस."

"तुझ्याबरोबर?" शेखर एकदम म्हणाला. "ती हितंच ऱ्हानार हे मी धरून चाललो हुतो. माझी पोरगी हाय ती."

"आणि माझी कोण आहे? डबा कोण करतं तिचा?"

"आन् रोज शाळेत कोन सोडतं?"

एकोणीस दिवसांनी ती दोघं थेट एकमेकांशी बोलत होती, आणि ती अशी बोलत होती की बाहेरचा शिपाई पाणी घेऊन आला आणि तसाच परत गेला. केस कोणासारखे इथपासून ते गोवर निघाला तेव्हा कोण जागलं इथपर्यंत सगळं निघालं, परवाचं एरंडेल आणि दवाखानासुद्धा. सुनीती मॅडम आवरायला म्हणून उठल्या, आणि त्यांचं दिशाकडे लक्ष गेलं. पोरीची मान नेहमीसारखी इकडून तिकडे वळत होती, पण या वेळी तिला काहीच पोचवायचं नव्हतं. दोन दिवसांचा फिक्का चेहरा नुसता खुलला होता. दोघंही तिलाच मागत होते, आणि झाकणापेक्षा जास्त जोरात मागत होते. मॅडमनी तिला मिनिटभर ते सुख घेऊ दिलं आणि मग टेबलावर हात आपटला.

आधी त्यांनी एरंडेलाबद्दल माफी मागितली. एक काना खोडून आपण पोरीला दवाखान्यात पाठवलं, याचा त्यांना जबर धक्का बसला होता. मग त्या म्हणाल्या, "भांडू नका असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला जमेलसं दिसत नाही. पण भांडायचं ते एकमेकांशी. हिच्या हाती एकही निरोप द्यायचा नाही. आणि ती तुम्हा दोघांची आहे हे तिच्या कानावर रोज पडू दे. तिला ते माहीत असेल असं धरून चालू नका."

दोघांनी माना खाली घालून होकार दिला. पाण्याच्या टाकीचा विषय कुशाबांनी काढलाच नाही.

घरी येऊन दुपारी सगळे जेवायला बसले. निरोप्याची नोकरी सुटल्यामुळे दिशा निवांत होती आणि मऊ भात खात होती. शेखर आणि रेश्माला मात्र कुठून सुरुवात करावी कळत नव्हतं. मीठ हवं का, असं रेश्मानं विचारलं. व्हय, असं शेखर म्हणाला. शेवटी रेश्मानंच धीर केला.

"रोज भाजी छान झालीये म्हणून निरोप धाडत होता," ती ताटात बघत म्हणाली. "आता समोर बसलाय तर सांगायला काय झालं?"

शेखरचा घास हातात राहिला. "मी? मी कधी धाडला?"

"रोज."

"मी म्हनायचो, तिला सांग, असला स्वयंपाक करायचा तर मी पिरंगुटला कँटीनमदी जेवीन." तो पुरता गोंधळला होता. "पर तूच तर सांगून धाडायचीस, हेल्मेट घालून जा म्हनून."

"मी? मी म्हणायचे, जायचं तिकडं जा म्हणावं, मला काय करायचंय."

रंभाबाईंचा हात वाढता वाढता थांबला. कुशाबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. पंधरा दिवस जी काही माया या घरात शिल्लक राहिली होती, डब्यातली जास्तीची भाकरी आणि डोक्यावरचं हेल्मेट यांच्यासकट, ती दोघांपैकी एकाचीही नव्हती. चौघांनीही हळूहळू माना वळवून दिशाकडे पाहिलं.

दिशानं भाताचा घास गिळला.

"तुमी जे म्हणायचा ते लई लांब असायचं," ती म्हणाली. "माझ्या लक्षात राहायचं न्हाई."

रेश्मानं पदर डोळ्यांना लावला. शेखरनं ताटातल्या दोडक्याच्या भाजीकडे पाहिलं, ती त्याला जन्मात आवडली नव्हती. महाळुंग्याचा प्रश्न होता तिथंच होता आणि तो आणखी महिनाभर तरी पुरणार होता. सोमवारी त्यावरून पुन्हा वाजणार हे दोघांनाही माहीत होतं.

"भाजी छान झालीये," शेखर रेश्माकडे बघून म्हणाला.

"हेल्मेट घालून जात जा," रेश्मा म्हणाली.

दिशानं दोघांचंही लक्ष देऊन ऐकलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. तिनं समाधानानं मान हलवली आणि भातावर आणखी थोडं तूप मागितलं.